उस्त-कूत

उस्त-कूत : रशियाच्या इर्कुत्स्क प्रांतातील, लेना नदीकाठचे बंदर-शहर. कूता ही उपनदी लेनेला मिळते तेथे, डोंगर आणि पाणी यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत ते लांबवर पसरले आहे. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास.

१६३१ मध्ये येथे कोसॅकांनी (झारच्या सेवेतील सीमेवरच्या लढवय्यांनी) ठाणे वसवले. पुढे अमूर नदीवरील मोहिमेमुळे प्रसिद्ध झालेल्या येरोफेई खाबारोवने येथल्या खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून मीठ काढले. तो उद्योग नंतर सरकारने बळकावला. त्यानंतरची तीन शतके गाव लहानच राहिले. झारशाहीला ते हद्दपारीसाठी सोयीचे वाटे. १९०० मध्ये, पुढे रशियन क्रांतीचा नेता झालेल्या ट्रॉट्स्कीला येथेच पाठवले होते.

शहराचे नशीब पालटले ते रेल्वेमुळे. पूर्वी लेनेच्या खालच्या अंगाच्या याकुतिया प्रदेशाकडे जाणारा माल वरच्या अंगाला काचुग येथे नावांत भरून प्रवाहाबरोबर सोडत. ट्रान्स-सायबेरियन लोहमार्गावरील तायशेतहून निघालेला फाटा १९५१ मध्ये लेनेपर्यंत पोहोचला. तायशेत-ब्रात्स्क टप्प्यावर कैदी आणि जपानी युद्धकैदी राबले होते. १९५४ मध्ये उस्त-कूत व शेजारचे ओसेत्रोवो मिळून शहर झाले. बंदराचे नाव मात्र ओसेत्रोवोच राहिले आणि मुख्य रेल्वेस्थानकाचे ‘लेना’, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. वॅगनींतून उतरलेले धान्य, इंधन, सिमेंट, यंत्रे येथे जहाजांवर चढत आणि सुमारे २,००० किमी.वरील याकुत्स्कला, तेथून पार लॅपटेव्ह समुद्रावरील टिक्सीपर्यंत जात. सोव्हिएत काळात हे देशातील सर्वांत मोठ्या नदीबंदरांपैकी एक होते.

खरी अडचण वेळेची आणि पाण्याची. नदी साधारण ऑक्टोबर ते मे गोठलेली असते. वर्षभराचा साठा उरलेल्या मोकळ्या महिन्यांतच उत्तरेला पोहोचवावा लागतो. त्यातही व्हितीम नदी मिळेपर्यंत लेनेचे पात्र उथळ आहे. वसंतातला पूर ओसरला की जहाजे अर्धवट भरूनच सोडावी लागतात, गाळ उपसावा लागतो. म्हणून पूर असेतो बंदरात रात्रंदिवस धांदल असते.

१९७४ मध्ये बैकल-अमूर लोहमार्गाचे बांधकाम येथून पूर्वेकडे सुरू झाले. गंमत अशी, की त्याच मार्गाला दक्षिणेकडून जोडलेल्या आणि उत्तरेकडे निघालेल्या शाखेने बंदराचे महत्त्व घटवले : ती याकुत्स्कसमोरच्या निझ्नी बेस्त्याखपर्यंत पोहोचल्यावर बराच माल थेट रेल्वेने जाऊ लागला. लेन्स्कसारख्या नदीकाठच्या गावांचा आणि तेलक्षेत्रांच्या अवजड सामग्रीचा मार्ग मात्र अजून ओसेत्रोवोवरूनच जातो.