फेरोच्या देवळाबाहेरचा देव

इजिप्तचा धर्म म्हटलं की आपल्याला पिरॅमिड, ममी आणि तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा आठवतो, पण हे सगळं राजाचं, म्हणजे फेरोचं झालं. मोठ्या देवळांच्या गाभाऱ्यात साध्या माणसाला प्रवेशच नव्हता, मग तो आपलं गाऱ्हाणं घेऊन जायचा कुठे? मला विचाराल तर खरा इंटरेस्टिंग भाग हाच आहे आणि तो देर अल-मदिना नावाच्या छोट्या गावात बघायला मिळतो. लक्झर शहरासमोर, नाईलच्या पश्चिमेला. भिंतीच्या आत साधारण 68 घरं आणि त्यात राहायचे ते राजांच्या कबरी खोदणारे, रंगवणारे कारागीर. हे लोक चुनखडीच्या कपच्यांवर काहीबाही लिहून ठेवायचे आणि त्या कपच्या हजारोंनी सापडल्यात.

रामसेस दुसरा या राजाच्या कारकिर्दीच्या 40 व्या वर्षातलं त्यांचं हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रजेची कारणं लाल शाईत! कुणाला विंचू चावलाय, कुणी मेलेल्या आईला कापडात गुंडाळतोय, कुणी बिअर बनवतोय, कुणी देवाला नैवेद्य दाखवतोय. म्हणजे देवाचं काम हे आजारपणाइतकंच सरळ कारण होतं.

याच गावातल्या नेफेराबूने एका शिळेवर लिहून ठेवलंय की मी अडाणी, मला बरंवाईट कळलं नाही, डोंगरावरच्या मेरेतसेगेर देवीचा अपराध केला आणि तिने अद्दल घडवली, विटांवर बसून बाळंत होणाऱ्या बाईसारखा तळमळत होतो, वाऱ्याला हाक मारली तरी वारा येईना. मग देवीला दया आली आणि ती झुळूक होऊन आली. 3200 वर्षांपूर्वीचं आहे हे, वाचताना अंगावर काटा येतो. काही जण तर शिळेवर नुसते कान कोरायचे, देवाने ऐकावं म्हणून.

चोरी, घराचा वाद असलं काही झालं की पहिल्या आमेनहोतेपचा कौल घ्यायचे. हा राजा मरून कैक पिढ्या झालेल्या, पण गावाचा देव तोच. त्याची मूर्ती खांद्यावर घेऊन निघायचे, प्रश्न विचारायचा, मूर्ती पुढे सरकली तर हो, मागे गेली तर नाही. आणि खांदा देणारे कोण, तर गावातलेच कारागीर, ज्यांना दोन्ही बाजूंची माणसं आणि भांडणाची सगळी कुंडली आधीपासून माहीत असायची, त्यामुळे मूर्ती जिकडे सरकायची तिकडे बहुतेक गावाचंही मत असायचं.