नाकं टेकवू नका

बेळगावकडच्या राजहंसगडावर किंवा गोकाकच्या धबधब्याजवळ प्री-वेडिंग शूटला गेलेल्या जोडप्याला हमखास ऐकू येतं, "अजून जवळ या." ओढ दाखवायची असेल तर ही सूचना बहुतेकदा उलटी पडते. चेहरे टेकले की नाक दबतं, गालाला वळी पडते. मावळतीसमोर छायाकृती घेताना तर दोन डोक्यांचा एकच काळा गोळा होतो. नाकांच्या टोकांत 4-5 सेंमी फट ठेवा. कॅमेरा खाली घेऊन त्या फटीमागं मोकळं आकाश आणा आणि एक्स्पोजर (उजेडाचं माप) आकाशावर धरा. उरलेलं अंतर बघणाऱ्याचं मन कापतं. कथेतही हात धरण्याआधीची ओळ जास्त काम करते, ती यामुळंच.

जोडीच्या फोटोत सगळ्यात जास्त घोळ फोकसचा. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 85 मिमीची लेन्स, एफ/1.8 (म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं) आणि 2 मीटर अंतर धरलं तर नीट दिसणारा पट्टा जेमतेम 6 सेंमी खोल असतो. ती पुढं आणि तो तिच्या खांद्यामागं असेल तर त्याचे डोळे धूसर झालेच म्हणून समजा. तोंड लहान करून एफ/5.6 वर हाच पट्टा 18-19 सेंमी होतो. एफ/1.8 च हवं असेल तर दोघांना समोरासमोर उभं करून बाजूनं टिपा, म्हणजे दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतात.

आकर्षण वाटलं की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांनी 1965 मध्ये एका प्रयोगाबद्दल लिहिलं होतं. त्यात पुरुषांना एकाच तरुणीचे दोन फोटो दाखवले, एकात बाहुल्या रंगवून मोठ्या केलेल्या. त्या फोटोला प्रतिसाद जास्त मिळाला, पण फरक काय तो बहुतेकांना सांगता आला नाही. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत मात्र बाहुलीची कडच दिसत नाही. तिथं बाहुल्यांच्या नादी लागण्यापेक्षा डोळ्यात उजेडाचा ठिपका आणा. पांढरी चादर धरली तरी भागतं.

बेळगाव साधारण 16 अंश अक्षांशावर असल्यानं सूर्य इथं जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजावरचे शेवटचे 10 अंश 40-45 मिनिटांत संपतात, तेव्हा साडी बदलायचं आधीच उरका. मोबाइलवर पोर्ट्रेट मोड वापरणार असाल तर फोटो मोठा करून गजरा आणि ती फट तपासा. खोलीचा अंदाज चुकला की धूसरपणा नेमका तिथंच भलतीकडे पसरतो.