वरच्या मजल्यावरची भिंत काढण्यापूर्वी: बंगलेमालकांसाठी माहिती

वरच्या दोन खोल्यांचा एक मोठा हॉल करून हवा, म्हणून अनेक जण आमच्याकडे येतात. काम नक्की होते, पण आधी भिंतीकडे नीट पाहावे लागते.

1961 च्या पानशेत पुरानंतर पुण्यात ज्या वसाहती वाढल्या, तिथले बरेच जुने बंगले लोडबेअरिंगचे आहेत. त्यांत कॉलम-बीम नाहीत. स्लॅब थेट विटांच्या भिंतींवर टेकलेला असतो. वर आणखी मजला नाही, म्हणजे भिंतीवर भार नाही, असे अनेकांना वाटते. पण वर गच्ची आहे. पाच इंची स्लॅबचेच वजन चौरस मीटरला 300 किलोच्या पुढे जाते. त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोबा आला आणि भरलेली हजार लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन.

नऊ इंची भिंत भाराची आणि साडेचार इंची पार्टिशनची, हा फक्त अंदाज झाला. साडेचार इंची भिंतीवरही स्लॅब टेकलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून आम्ही भिंतीच्या माथ्याजवळचे प्लॅस्टर खरवडतो, स्लॅबच्या सळया कुठल्या दिशेने गेल्या आहेत ते तपासतो आणि तळमजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का ते बघतो. कौलारू माडी असेल तर आढ्याचा भार कुठे उतरतो, तेही पाहावे लागते.

मधली भिंत गेली की दहा-दहा फुटांचे दोन गाळे (दोन आधारांमधली अंतरे) मिळून वीस फुटांचा एक गाळा होतो आणि स्लॅबला वाकवणारा जोर चौपट होतो. शिवाय त्या भिंतीवर स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. आधार निघाला की ताण खालच्या अंगाला येतो, जिथे पुरेशी सळई नसते. तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून भिंतीच्या जागी गर्डर, म्हणजे भक्कम आडवी तुळई, बसवून स्लॅबचा आधार जिथल्या तिथे ठेवायचा.

गर्डर किती इंची हे स्ट्रक्चरल इंजिनीअर हिशेब करून ठरवतात. पूर्ण भिंतीवर पसरलेला भार आता गर्डरच्या दोन टोकांवर एकवटतो. टोकाखाली खिडकी किंवा दार आले तर वेगळी सोय करावी लागते, म्हणून तो भार थेट पायापर्यंत कसा जाईल हे आधी तपासतो. टोकांखाली काँक्रीटचे बेड ब्लॉक, म्हणजे भार पसरवणारे ठोकळे, ओततो आणि ते पक्के होईपर्यंत भिंतीला हात लावत नाही.

मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जॅक लावतो. हे जॅक वरच्या मजल्याच्या फरशीवर उभे राहतात, म्हणून त्यांच्या बरोबर खाली तळमजल्यावरही जॅक लागतात. तळमजल्याचा दिवाणखाना काही दिवस अडणार, याची तयारी ठेवा. ग्राहकांची सर्वात जास्त कुरकुर इथेच होते, पण यात आम्ही तडजोड करत नाही.

भिंतीचा वरचा भाग काढून गर्डर सरकवतो. स्लॅब आणि गर्डर यांच्यामध्ये पोलादी पाचरी घट्ट ठोकतो आणि उरलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरतो. नखाएवढी फट राहिली तरी स्लॅब तेवढा खाली बसतो. ग्राउट कडक झाल्यावरच छिन्नी-हातोड्याने उरलेली भिंत वरून खाली उतरवतो. ब्रेकर (तोडण्याचे यंत्र) वापरत नाही. जुन्या भेगांवर आधीच प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या टिकल्या लावून तारीख लिहितो. टिकली तडकली म्हणजे भेग वाढते आहे, मग काम थांबते. शेवटी जॅक सगळे एकदम न काढता थोडे थोडे सैल करतो.

राडारोडा खोलीत साठवायचा नाही. फूटभर उंच ढिगाचे वजन घरगुती मजल्यासाठी धरलेल्या भाराच्या जवळपास दुप्पट भरते.

गर्डर छताखाली आठ-दहा इंच दिसेल. तो फॉल्स सीलिंगमध्ये झाकता येतो. भार घेणारी भिंत असल्यास महापालिकेची परवानगी आणि इंजिनीअरचा सही केलेला नकाशा हातात आल्यावरच कामाची तारीख देतो. पाहणीला येऊ तेव्हा बंगल्याचा जुना मंजूर नकाशा काढून ठेवा, आणि भिंतीतून वायरिंग किंवा पाइप गेले असतील तर तेही सांगा.