दोन द्रवांच्या सीमेवर धरणारा पापुद्रा

घरातल्या आरओ फिल्टरमध्ये क्षार अडवणारा खरा थर जेमतेम 100 ते 200 नॅनोमीटर जाडीचा असतो. तो तयार होतो दोन द्रवांच्या सीमेवर. पाण्यात एक अमाइन (नायट्रोजन असलेले सेंद्रिय संयुग) विरघळवतात आणि पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात त्याच्याशी झटकन जुळणारे आम्ल-क्लोराइड. दोघांची गाठ पडते ती फक्त सीमेवर, आणि बघता बघता पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो. अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी 1970च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि खारे पाणी गोडे करण्याचा उद्योग आजही तिच्यावरच उभा आहे.

पण हा पापुद्रा आतून अस्ताव्यस्त असतो. काही सेकंदांत जुळलेल्या साखळ्या जिथे जशा सापडतील तशा एकमेकींत अडकतात. त्यांच्यामधल्या फटी कुठे बारीक, कुठे मोठ्या. सगळी छिद्रे एकाच मापाची आणि ओळीने मांडलेली हवी असतील, तर पापुद्रा स्फटिकासारखा नियमित व्हायला हवा.

नियमित छिद्रांचा पदार्थ 2005 मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ओमर याघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हलक्या मूलद्रव्यांचे सहसंयुज बंध जोडून सेंद्रिय जाळ्या बनवल्या. त्यांना थोडक्यात ‘कॉफ’ म्हणतात. त्यांपैकी कॉफ-5 या जाळीतले छिद्र 2.7 नॅनोमीटर रुंद होते आणि एका ग्रॅममध्ये सुमारे 1,590 चौरस मीटर पृष्ठभाग मावत होता. (याच याघींना धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.) अडचण एवढीच, की कॉफ तयार होतात ते भुकटीच्या रूपात. भुकटीतला प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून पडलेला असतो. ती वितळत नाही, कशात विरघळत नाही, मग तिची चादर कशी करणार?

त्यामुळे संशोधक पुन्हा द्रवांच्या सीमेकडे वळले. तिथे गेल्यावर मात्र एक जुनाच पेच समोर येतो. रेणूंची जाळी नियमित व्हायची तर चुकलेली वीण उसवून पुन्हा विणता आली पाहिजे, म्हणजे बंध जुळणे आणि सुटणे दोन्ही चालू राहिले पाहिजे. पॉलिअमाइडचा बंध एकदा जुळला की सहज सुटत नाही. अमाइन आणि अल्डिहाइड या प्रकारचे संयुग जुळून होणारा इमाइनचा बंध सुटतो, पण सुटणारा बंध आम्लात टिकत नाही. स्फटिकपणा हवा तर टिकाऊपणा जातो आणि टिकाऊपणा हवा तर स्फटिकपणा.

या कोंडीतून निघणारी एक सुरेख वाट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सापडली. राहुल बॅनर्जी यांच्या गटाने 2012 मध्ये ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल हा अल्डिहाइड वापरला. पहिल्या पायरीवर इमाइन बंध जुळत-सुटत जाळी रांगेत येते. मग दुसऱ्या पायरीवर हायड्रोजन ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर सरकतो आणि परतीची वाट बंद होते. अणू फारसे जागचे हलत नसल्यामुळे आधी बसलेली रांग मोडत नाही. ही जाळी 9 नॉर्मल, म्हणजे अतिशय तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकली. रसायनशास्त्रातला इतका नेटका तोडगा क्वचितच पाहायला मिळतो.

याच गटाने 2017 मध्ये त्याच रसायनातून सलग पापुद्रा वाढवला. तळाशी डायक्लोरोमिथेनमध्ये अल्डिहाइड. हे द्रावक पाण्यापेक्षा जड असते, म्हणून ते खाली राहते. वर पाण्यात अमाइन, पण मोकळे नाही, तर पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्लाशी क्षाराच्या रूपात बांधलेले. या आम्लातच सगळी खुबी आहे. मोकळे अमाइन भराभर खाली उतरले असते आणि अल्डिहाइडवर तुटून पडले असते. बांधलेले अमाइन पाण्यातच रेंगाळते, आम्लाची पकड सुटेल तसे थोडे थोडे सीमेवर येते. भांडे खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस न हलवता ठेवायचे. जिथे भोक राहिले असेल तिथेच दोन्ही रेणूंची पुन्हा गाठ पडते, म्हणून पापुद्रा स्वतःची भोके स्वतः बुजवत जातो.

तो खरोखर स्फटिकरूप आहे हे क्ष-किरणांवरून कळते. यातल्या टीपी-बीपीवाय नावाच्या पापुद्र्यावरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या आलेखात साडेतीन अंशांच्या कोनाजवळ शिखर दिसते, म्हणजे अडीच नॅनोमीटरच्या घरातली रचना पुन्हा पुन्हा येते आहे. त्यातून अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक एका बार दाबाला (साधारण हवेच्या दाबाइतक्या) दर चौरस मीटरमागे ताशी 339 लिटर वाहिले. औषधनिर्मितीत अशी द्रावके परत मिळवण्यासाठी एरवी ती उकळून त्यांची वाफ करावी लागते आणि इथे ती नुसती गाळता येतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचे महत्त्व पटते.

अमेरिकेत विल्यम डिक्टेल यांच्या गटाने 2018 मध्ये वेगळी युक्ती केली. दोन्ही घटक एकाच सेंद्रिय थरात आणि पाण्यात फक्त स्कँडियमचा उत्प्रेरक. उत्प्रेरक वर येत नाही, म्हणून अभिक्रिया सीमेवरच होते. घटकांचे प्रमाण बदलून त्यांनी अडीच नॅनोमीटरपासून 100 मायक्रोमीटरपर्यंत जाडीचे पापुद्रे मिळवले. जाडीत 40 हजार पटींचा फरक!

मग हे पापुद्रे उद्या आरओ फिल्टरमध्ये बसतील का? सरसकट नाही. पाण्याचे रेणू भोवती घेऊन फिरणारा सोडियम आयन एक नॅनोमीटरहूनही लहान असतो आणि दोन-अडीच नॅनोमीटरच्या छिद्रातून तो आरामात निसटतो. रंगद्रव्ये आणि औषधांचे मोठे रेणू मात्र अडतात. शिवाय हे पापुद्रे नाजूक असतात. सीमेवरून उचलून आधाराच्या पटलावर ठेवताना एक चीर गेली तरी द्रव तिथूनच वाहतो आणि बाकीची छिद्रे कितीही नियमित असली तरी उपयोग राहत नाही.