पडद्यावरचा पंच आणि संशयाचा फायदा : रग्बी लीगमधील एका वादाची पार्श्वभूमी

रग्बी लीगमध्ये ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) झाला की नाही हे चित्रण पुन्हा पाहून ठरवण्याची प्रथा 1996 साली सुरू झाली आणि तेव्हापासून तिच्याविषयीची कुरबुर कधी पूर्णपणे थांबलेली नाही. कॅमेरे वाढले, चित्र स्वच्छ झाले, चित्र पाहणारा माणूस मैदानाच्या माडीवरून उठून ऑस्ट्रेलियात तर थेट दुसऱ्याच शहरातल्या खोलीत जाऊन बसला. पण चित्र पाहूनही काही ठरत नसेल तर निर्णय कोणाच्या पारड्यात टाकायचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र वारंवार बदलत गेले. सध्याची पद्धत समजून घ्यायची तर यंत्रांच्या इतिहासापेक्षा या उत्तरांचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

आरंभाचा भाग थोडक्यात सांगता येतो. 1996 मध्ये उत्तर इंग्लंडमधली व्यावसायिक स्पर्धा हिवाळ्यातून उन्हाळ्यात आणली गेली. या स्थलांतरामागे दूरचित्रवाणीचा पैसा होता आणि व्हिडिओ पंच त्याच पैशाबरोबर आला. साहजिकच जिथे कॅमेरे तिथेच व्हिडिओ पंच, असा व्यवहार झाला. ज्या सामन्याचे प्रक्षेपण नाही तिथे मैदानावरच्या पंचाचा शब्द अखेरचा. ऑस्ट्रेलियात 1997 साली फुटून निघालेल्या स्पर्धेने ही पद्धत वापरली आणि 1998 मध्ये दोन्ही गट एकत्र आल्यावर ती तिथेही रुजली. क्रिकेट या बाबतीत चार वर्षे पुढे होते. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनच्या कसोटीत मुंबईच्या एकोणीस वर्षांच्या एका फलंदाजाला तिसऱ्या पंचाने धावबाद ठरवले, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. मात्र धावबाद हा रेषेचा प्रश्न असतो: बेल्स उडाल्या तेव्हा बॅट कुठे होती, एवढेच पाहायचे. रग्बी लीगने तेच साधन घेतले आणि त्याला पहिल्या दिवसापासून कितीतरी अवघड प्रश्न विचारले.

त्यातला सर्वांत अवघड प्रश्न चेंडू जमिनीला टेकवण्याचा. नियमानुसार खेळाडूने हातातला चेंडू जमिनीवर ठेवला पाहिजे, किंवा आधीच जमिनीवर असलेल्या चेंडूवर हाताने खाली दाब दिला पाहिजे, किंवा मानेखालच्या आणि कमरेवरच्या शरीराने तो झाकला पाहिजे. कॅमेऱ्याला हात दिसतो, चेंडू दिसतो, गवत दिसते. दाब दिसत नाही. बोटे चेंडूला लागली होती की चेंडू बोटांखालून निसटत होता, हे चित्र जितके सावकाश चालवावे तितके अधिक धूसर होते. त्या काळातले दूरचित्रवाणीचे चित्रण सेकंदाला 25 चित्रांचे होते. सेकंदाला आठ मीटर वेगाने झेपावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये 32 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो आणि वादाचा क्षण बहुधा नेमका त्या अंतरात हरवलेला असतो.

या खेळात चेंडू हाताने पुढे फेकण्यास मनाई आहे. पुढे पास गेला की नाही, हा प्रश्न मात्र व्हिडिओ पंचाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला आणि ते शहाणपणाचे होते. धावता धावता मागे फेकलेला चेंडूही धावण्याच्या वेगामुळे जमिनीच्या हिशेबाने पुढे सरकतो. नियम हातातून चेंडू कोणत्या दिशेने सुटला ते विचारतो, तर कॅमेरा मैदानावरच्या पट्ट्यांच्या आधाराने चेंडू कुठे पोहोचला ते दाखवतो. प्रेक्षकांना हे कधीच पटलेले नाही.

1999 च्या ऑस्ट्रेलियन अंतिम सामन्यात या साधनाची पहिली मोठी कसोटी लागली. सिडनीच्या नव्या ऑलिंपिक मैदानावर 1,07,999 प्रेक्षक होते. मध्यंतराला 14-0 ने पिछाडीवर असलेला मेलबर्नचा संघ शेवटच्या काही मिनिटांत 14-18 पर्यंत आला होता. उंच मारलेल्या चेंडूवर त्यांच्या विंगरने गोलपट्टीत उडी घेतली, चेंडू पकडला, आणि खाली येता येता बचावपटूचा हात त्याच्या डोक्यावर आदळला. तो शुद्ध हरपून पडला, चेंडू सुटला. पंचाने बोटांनी हवेत चौकोन काढून निर्णय वर पाठवला आणि परत आला तो पेनल्टी ट्राय, म्हणजे नियमभंगामुळे हुकला म्हणून बहाल केलेला ट्राय. पेनल्टी ट्राय असल्याने त्यानंतरची जादा गुणांसाठीची किक गोलखांबांच्या अगदी समोरून घ्यायची होती. सामना 20-18 असा संपला. डोक्यावरचा फटका नियमबाह्य होता याबद्दल फारसे दुमत नव्हते. वाद होता तो पुढच्या वाक्याबद्दल: फटका बसला नसता तर ट्राय झालाच असता का? जे घडले ते पडदा दाखवतो. जे घडले असते ते पाहणाऱ्याला मनानेच ठरवावे लागते, आणि तो निर्णय बरोबर मानणाऱ्यांनीही हे मान्य करायला हरकत नसावी.

आता त्या कुप्रसिद्ध संज्ञेकडे येऊ. संशयाचा फायदा हे शब्द मराठी माणसाच्या कानावर पडतात ते न्यायालयाच्या बातम्यांतून: आरोपीची संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. क्रिकेटमध्ये तो फलंदाजाला मिळतो. दोन्हीकडे अर्थ एकच, की ज्याचे नुकसान कायमचे होणार त्याला सांभाळून घ्यावे. रग्बी लीगमध्ये तो आक्रमण करणाऱ्या संघाला दिला गेला आणि त्यामागचे कारण निराळे होते. ट्राय झाले की प्रेक्षक खूश, म्हणून शंका असेल तर ट्राय द्यावा. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ट्राय किंवा लाल अक्षरांत नो ट्राय उमटे. त्याखेरीज संशयाचा फायदा म्हणून दिलेला ट्राय वेगळा दाखवला जाई. काही काळ आणखी एक मार्गही उपलब्ध होता: आम्हाला ठरवता येत नाही, तुमचे तुम्ही पाहा, असे सांगून प्रश्न मैदानावरच्या पंचाकडे परत पाठवण्याचा. हजारो लोकांसमोर दोन मिनिटे ताटकळलेल्या पंचाला शेवटी तुम्हीच ठरवा असे उत्तर येई, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे कॅमेरा वळवण्याचा मोह प्रक्षेपकांना आवरत नसे.

या तत्त्वातली मूळ अडचण ही होती की ते एका नजरेत निर्णय देणाऱ्या माणसासाठी ठीक होते. मैदानावरचा पंच धापा टाकत, दहा मीटरवरून, माणसांच्या ढिगाआड डोकावत असतो. त्याला शंका असणे रास्त आहे आणि ती कोणाच्या बाजूने सोडवायची हे आधी ठरवून ठेवणेही रास्त आहे. तेच तत्त्व चार कोनांतून आठ वेळा चित्र पाहणाऱ्याला लावले की त्याच्याकडे शंकेचा अखंड पुरवठा होतो. सावकाश केलेल्या चित्रात जवळजवळ प्रत्येक ट्राय संशयास्पद दिसतो आणि जवळजवळ प्रत्येक फसलेला प्रयत्न ट्राय असू शकला असता असे वाटते. संशय जेवढा शोधावा तेवढा सापडतो आणि तो सापडला की आक्रमकाचा फायदा. बचाव करणाऱ्या संघांच्या प्रशिक्षकांनी या हिशेबाविरुद्ध केलेली तक्रार रडीचा डाव म्हणून उडवून लावली गेली, पण ती चुकीची नव्हती.

2012 मध्ये हा फुगा फुटला. मे महिन्यात मेलबर्नला झालेल्या राज्य-राज्य मालिकेच्या पहिल्या सामन्यात क्वीन्सलँडच्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटला, तरी बचावपटूने चेंडूला पाय मारला होता, म्हणून तो सुटणे आक्रमकाचा दोष नाही, असा अर्थ लावून ट्राय दिला गेला आणि न्यू साउथ वेल्स 10-18 ने हरले. पाय चेंडूला मारला की नुसता लागला, यावर पुढचे कितीतरी दिवस खल झाला. सप्टेंबरमध्ये क्लब स्पर्धेच्या बाद फेरीत नॉर्थ क्वीन्सलँड क्लबविरुद्ध सिडनीच्या मॅन्ली संघाला असाच ट्राय मिळाला: चेंडूसाठीच्या झटापटीत आक्रमकाचा हात लागून चेंडू पुढे गेला, असे घरी बसलेल्या बहुतेकांना दिसले, व्हिडिओ पंचांना दिसले नाही. सामना 22-12 असा मॅन्लीकडे गेला.

पुढच्याच हंगामात, 2013 मध्ये, संशयाचा फायदा रद्द झाला. नव्या नियमाने मैदानावरच्या पंचाने पडद्याकडे जाण्यापूर्वी ट्राय किंवा नो ट्राय यांपैकी एक उच्चारलाच पाहिजे, आणि तो उलटवण्यापुरता पुरावा असेल तरच व्हिडिओ पंचाने तो उलटवावा. कागदावर हे न्याय्य दिसते आणि अनेक जाणकारांनी त्याचे स्वागत केले. प्रस्तुत लेखकाला त्यात एक लपवाछपवी दिसते. पंच वर विचारतो ते मुळात त्याला दिसले नाही म्हणून. ज्याला दिसले नाही त्याने आधी अंदाज सांगायचा, आणि मग पडद्यावरही काही दिसले नाही तर तो अंदाजच निकाल म्हणून उभा राहायचा. संशयाचा फायदा पूर्वी निदान उघडपणे आक्रमकाला मिळत होता; आता तो पंचाच्या अटकळीला मिळू लागला. क्रिकेटने मैदानावरच्या पंचाचा असाच प्राथमिक संकेत जून 2023 पासून काढून टाकला, रग्बी लीगने तो कायम ठेवला. शिवाय पुरेसा पुरावा म्हणजे किती, हा नवा गोंधळ सुरू झाला. एकाच शनिवारी एका सामन्यात बोटभर सुटलेला चेंडू पुरेसा ठरला आणि दुसऱ्यात वीतभर सुटलेलाही अपुरा, असे दोन्ही बाजूंचे समर्थक आजही सांगतात.

त्याच 2013 च्या बाद फेरीत नॉर्थ क्वीन्सलँडवर पुन्हा पाळी आली. चेंडू असलेल्या खेळाडूला अडवून पाडणे म्हणजे टॅकल, आणि सहा टॅकल झाले की चेंडू प्रतिपक्षाकडे जातो; तरी सिडनीच्या क्रोनुला संघाने सातव्या टॅकलवर ट्राय केला आणि सामना 20-18 ने जिंकला. सहापर्यंत मोजण्यात चूक झाली होती आणि ती मैदानावरच्या एकाही पंचाच्या वेळेत ध्यानात आली नाही. नव्या नियमाची सगळी हुशारी चेंडू टेकला की नाही यावर खर्च झाली होती. मोजणी कोणी पाहतच नव्हते.

2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सर्व सामन्यांचे पुनरावलोकन सिडनीच्या इव्हली भागातल्या एका केंद्रात आणले गेले. त्याला बंकर हे नाव पडले आणि ते चिकटले. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी आणि बेसबॉलच्या नमुन्यावर उभारलेल्या या खोलीत पडद्यांच्या रांगा आहेत आणि हवा तो कोन पंच स्वतः निवडू शकतो. पूर्वी त्याला प्रक्षेपक देईल त्या चित्रावर भागवावे लागे. निर्णय लवकर येऊ लागले, हे निर्विवाद. 2021 पासून पंचाने ट्राय दिला की बंकर तो मागच्या मागे तपासू लागला, तोवर खेळाडू किकची तयारी करत असतो, आणि प्रेक्षकांचा ताटकळण्याचा वेळ आणखी कमी झाला.

तपासणी ट्रायपुरतीच असण्याचा तोटा 2019 च्या अंतिम सामन्यात उघडा पडला. कॅनबेराचा संघ 8-8 अशा बरोबरीत आक्रमण करत असताना पंचाने हात हलवून सहा टॅकल नव्याने मोजण्याचा इशारा केला आणि लगेच तो मागे घेतला. चेंडू हातात असलेला खेळाडू पहिला इशारा धरून खेळला, टॅकल झाला आणि चेंडू गेला. थोड्याच वेळात सिडनीच्या संघाने ट्राय करून सामना 14-8 असा खिशात घातला. अंतिम निर्णय बरोबर होता, इशारा चुकीचा होता, असे नंतर अधिकृतपणे सांगण्यात आले. कॅनबेरात हे वाक्य आजही चेष्टेने उद्धृत होते.

2020 मध्ये कर्णधाराला आव्हान देण्याचा हक्क मिळाला: खेळ थांबवणाऱ्या निर्णयावर दहा सेकंदांत हात वर करायचा, चुकले तर आव्हान गेले. त्याच वर्षी टॅकलनंतरच्या अनेक लहान गुन्ह्यांसाठी खेळ न थांबवता नव्याने सहा टॅकल देण्याचा नियम आला. म्हणजे ज्या निर्णयांना आव्हान देता येईल त्यांची संख्या, हक्क देता देताच, घटली. आणि चित्रावरून काहीच ठरले नाही तर मैदानावरचा निर्णय कायम, पण आव्हानही कायम, अशी तरतूद झाली. संशय आता दोन्ही पक्षांत वाटून दिला गेला.

24 जुलै 2022 रोजी टाउन्सव्हिलला सिडनीचा वेस्ट्स टायगर्स संघ 26-25 असा पुढे होता आणि घड्याळात एकच सेकंद उरला होता. नॉर्थ क्वीन्सलँडने आखूड किक मारली, चेंडू टायगर्सकडे गेला, शिटी वाजली, खेळाडू एकमेकांना मिठ्या मारू लागले. नॉर्थ क्वीन्सलँडच्या कर्णधाराने आव्हान दिले: किकमागे धावणाऱ्या आमच्या खेळाडूची वाट अडवली. पंचाने तसा कोणताही निर्णय दिलेलाच नव्हता, मग आव्हान कशाला, असा प्रश्न टायगर्सचे खेळाडू विचारत राहिले. सामना संपल्याची शिटी हाच खेळ थांबवणारा निर्णय मानला गेला, बंकरने अडथळा ठरवला, पेनल्टीची किक खांबांमधून गेली आणि निकाल 27-26 असा उलटला. पुढच्या दिवसांत बंकरचा निर्णय चुकीचा होता हे कबूल केले गेले, गुण मात्र तसेच राहिले. दहा वर्षांपूर्वी ज्या संघाने पडद्याच्या नावाने बोटे मोडली, त्याच्याच पदरात हा सामना पडला.

इंग्लंडमध्ये प्रत्येक सामन्याला व्हिडिओ पंच मिळायला 2024 उजाडावे लागले, आणि तेव्हाही सर्व सामन्यांत कॅमेऱ्यांची संख्या सारखी नव्हती. कर्णधाराचे आव्हान तिथे 2025 च्या हंगामात आले.