शाखानिवड, वैद्यकीय (कोकण)

एम.बी.बी.एस.नंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी विषय निवडणे; विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘ब्रँच घेणे’. येथे कोकण म्हणजे रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग. मुंबईला लागून असलेली ठाणे-पनवेलकडील महाविद्यालये धरलेली नाहीत.

आधुनिक वैद्यक शिकलेल्या पहिल्या कोकणी विद्यार्थ्यांत भाऊ दाजी लाड यांचे नाव अग्रक्रमाने येते. त्यांचे जन्मवर्ष कोणी १८२२, तर कोणी १८२४ देतात. जन्मगाव पेडण्यातील मांद्रे. पेडणे तेव्हा पोर्तुगीज अमलात असल्याने त्यांना गोव्यात गणावे की कोकणात, हा प्रश्न उरतो; घरची बोली व पुढचे आयुष्य पाहता कोकणात गणणे अधिक सयुक्तिक वाटते. पणजीची वैद्यकशाळा १८४२ ची, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजहून (१८४५) तीन वर्षांनी जुनी. तरी भाऊ शिकले मुंबईत, कारण मातीच्या बाहुल्या करणारे त्यांचे वडील पोटापाण्यासाठी तिकडे गेले होते. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. शाखा ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. त्यांनी स्वतः कुष्ठरोगावरील औषधाचा ध्यास घेतला.

मुंबईची ही वाट पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालू राहिली. डेरवण (जि. रत्नागिरी) येथे २०१५ मध्ये, अलिबाग व ओरोस (जि. सिंधुदुर्ग) येथे २०२१ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये महाविद्यालय आले.

निवड मुख्यतः नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतील रँकवर ठरते. रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन लवकर भरतात. आईवडिलांचे प्रसूतिगृह असलेली मुले बहुधा स्त्रीरोग वा बालरोगाकडे वळतात. घरातला पहिलाच डॉक्टर असेल तर लवकर कमाई सुरू होण्याचा विचार आधी येतो.

कोकणाची गरज मात्र वेगळी आहे. भूलतज्ज्ञ नसला, की सर्जन हजर असूनही सिझेरियन अडते आणि बाईला १०८ च्या रुग्णवाहिकेत घालून आंबा घाटाने कोल्हापूरला, कुंभार्लीने कराडला किंवा सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात न्यावे लागते. घाटात गेलेला तो तास कोणत्याही गुणवत्तायादीत दिसत नाही.

गरजेतून विषय सापडल्याचे ठळक उदाहरण हिम्मतराव बावस्कर यांचे (पद्मश्री, २०२२). ते मूळचे जालना जिल्ह्यातले; नोकरीने महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेले मूल घामाने निथळते, हातपाय गार पडतात, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस येतो. हे त्यांनी खाटेशी बसून पाहिले, एम.डी. मेडिसिन केले आणि पुन्हा याच भागात परतले. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी १९८० च्या दशकात वापरात आणली. गंभीर रुग्णांतील सुमारे ४० टक्के मृत्युप्रमाण त्यानंतर एका टक्क्याच्या आसपास आले.

आता पदव्युत्तर निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे. तोवर ब्रँच मात्र घेऊन झालेली असते.