बत्तीस नंबरचं नाव काय?

संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर कुणी थांबत नाही. थांबलंच तर मागची गर्दी थांबू देत नाही. तरी गेल्या पावसाळ्यात मी थांबले, कारण पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "ए गुलाबो!"

हे माझं कॉलेजातलं नाव. टायट्रेशन करताना फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी झालं की हात आवरायचा असतो; माझं नेहमी एक थेंब जास्त पडून थेट गडद व्हायचं. तिसेक वर्षांत या नावाने कुणी हाक मारली नव्हती. वळून पाहिलं तर चष्मा, पिकलेले केस, हातात भाजीची पिशवी. पण ओळखायला क्षणही लागला नाही. लॅबमध्ये माझ्या शेजारी उभी राहणारी, सरांची हुबेहूब नक्कल करणारी, डब्यात रोज लसणाची चटणी आणणारी. रोल नंबर बत्तीस, कारण माझा एकतीस. एवढं सगळं आठवलं आणि नाव मात्र काही केल्या येईना. रोल नंबर आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने होते, म्हणून माझ्या पुढचं आडनाव कोणतं असेल असा तर्कही चालवून पाहिला. व्यर्थ. नंबर घेतला आणि फोनमध्ये 'बीएस्सी बत्तीस' म्हणून ठेवला.

वय झालं, असं म्हणून मी हे सोडून दिलं असतं. पण स्मृतीचा अभ्यास करणारे तसं म्हणत नाहीत. १९७५ साली अमेरिकेत हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९२ जणांची परीक्षा घेतली. तिकडे शाळा दरवर्षी विद्यार्थ्यांच्या फोटोंचं पुस्तक छापतात. त्यातले वर्गमित्रांचे चेहरे अनोळखी चेहऱ्यांत मिसळून दाखवले. शाळा सोडून जवळजवळ ३५ वर्षं झालेल्यांनीही दहातले नऊ चेहरे बरोबर ओळखले. मात्र तोच फोटो पुढे ठेवून "याचं नाव सांगा" म्हटल्यावर भल्याभल्यांची गाडी अडली.

याचं कारण नावाच्या स्वभावातच आहे. १९८७ साली ब्रिटनमध्ये एक छान प्रयोग झाला. त्यात आडनाव आणि धंदा दोन्ही असू शकतील असे शब्द घेतले होते. आपल्याकडे हे समजायला फारच सोपं आहे. एका चेहऱ्याबद्दल सांगायचं, 'हे सुतार आहेत', म्हणजे आडनाव सुतार. दुसऱ्याबद्दल सांगायचं, 'हे सुतारकाम करतात'. शब्द तोच, पण धंदा लक्षात राहतो आणि आडनाव निसटतं. सुतारकाम म्हटलं की रंधा, भुसा, घरातलं करकरणारं दार असे दहा धागे जोडले जातात. आडनाव सुतार असलेला माणूस बँकेत असतो. त्या शब्दाला लोंबकळायला काहीच नसतं. बत्तीस नंबरच्या चटणीला वास होता, नकलेला आवाज होता. नाव फक्त मस्टरवर होतं.

ओळख अशी चिवट असते. जवळीक तशी नसते, ती वेळ खाते. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली तिचा हिशेबच मांडला. नव्या गावात आलेल्या प्रौढांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना त्यांनी विचारलं, कुणाबरोबर किती तास घालवले आणि नातं कुठवर आलं? साधी मैत्री व्हायला ५० तासांच्या आसपास, आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून जास्त. कामाच्या ठिकाणी शेजारी बसून काढलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. सोबत टंगळमंगळ करावी लागते.

मुंबईच्या कॉलेजांमध्ये टंगळमंगळीची सोय रेल्वे करते. आम्ही चौघी ठाण्याहून माटुंग्याला स्लो लोकलने यायचो. जाऊन-येऊन सव्वा तास, वर्षाला १८० दिवस धरले तरी सव्वादोनशे तास. म्हणजे एफवायची परीक्षा येईपर्यंत आमची जिवलग मैत्री पासाच्या पैशात झालेली होती. आता? सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, पोरीची बारावी, एक मैत्रीण पनवेलला, एक विरारला, तिसरी न्यू जर्सीत. वर्षातून एकदा कर्जतच्या फार्महाऊसवर पाच तासांचं गेट-टुगेदर. या गतीने नवी जिवलग मैत्रीण करायची तर ४० वर्षं लागतील.

मग ग्रुप कशाला आहे, असं कुणी म्हणेल. आमच्या बॅचचा आहे ना, ८३ जणांचा! सकाळी फुलं, दुपारी राजकारण, रात्री कुणाच्या तरी बायपासची बातमी. त्यात बोलतात सहाजण. बाकीचे वाचतात किंवा तेही करत नाहीत. याचा दोष ॲडमिनला देऊ नये. मानववंशाचे अभ्यासक रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कँटीनसारख्या ठिकाणी लोकांच्या गप्पा मोजल्या. एका गप्पेत साधारण चौघं मावतात. पाचवा आला की थोड्याच वेळात गप्पांचे दोन तुकडे पडतात. लोकलच्या बाकाला हे आधीपासून ठाऊक असावं: तीन जणींची जागा, चौथी टेकून बसते, पाचवीला उभंच राहावं लागतं. गेट-टुगेदरलाही चाळीस खुर्च्यांचं गोल रिंगण अर्ध्या तासात मोडतं आणि गच्चीच्या कठड्याशी, बेसिनपाशी, गाडीच्या बॉनेटवर चौकड्या जमतात. खरा कार्यक्रम तोच. अंताक्षरी घेणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

जुन्या ओळखीला पुन्हा शून्यापासून २०० तास मोजावे लागतात का? बहुधा नाही. डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास इथे कामाचा आहे. त्यांनी नोकरदार अधिकाऱ्यांना सांगितलं, निदान तीन वर्षं संपर्कात नसलेल्या जुन्या ओळखीच्यांना शोधा आणि सध्याच्या कामाबद्दल सल्ला विचारा. रोजच्या उठबशीतल्या माणसांपेक्षा या निजलेल्या ओळखींकडून जास्त नवं मिळालं, कारण मधल्या काळात ती माणसं वेगळ्या जगात वावरली होती. जुना विश्वास मात्र फारसा आटलेला नव्हता.

तरी फोन उचलला जात नाही. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ साली हेच तपासलं. ज्यांना जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, ज्यांच्याकडे नंबर होता, त्याला बरं वाटेल अशी खात्रीही होती, अशांना निरोप लिहायला निवांत वेळ दिला. एक तृतीयांशांहून कमी लोकांनी तो धाडला. जुना मित्र इतक्या वर्षांनी जवळपास परका वाटायला लागतो आणि परक्याशी बोलायला जीभ रेटत नाही. उपाय त्यांना साधाच सापडला. आधी तीनेक मिनिटं सध्याच्या मित्रमंडळींना निरोप पाठवून हात मोकळा करून घेतलेल्यांपैकी निम्म्यांहून थोडे अधिक जण जुन्या मित्रापर्यंत पोचले.

मीही तसंच केलं. एका रविवारी बहिणीला आणि शेजारच्या वहिनींना उगाचच दोन ओळी पाठवल्या आणि त्याच ओघात 'बीएस्सी बत्तीस'ला फोन लावला. तासभर बोललो. तिने सरांची नक्कल केली, अजून तश्शीच. चटणीची कृतीही सांगितली. शेवटी धीर करून विचारलं, "अगं, रागावू नकोस, पण तुझं नाव..."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "बरं झालं बाई तूच विचारलंस. माझ्याकडे तू नुसती गुलाबो म्हणून सेव्ह आहेस."